रजेच्या जागेवरच्या बाई

तुमच्याही घरी असेल. ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या शालूच्या घडीखाली, बी.एड.चं प्रमाणपत्र. माझं अकरा वर्षं तिथेच होतं. बाहेर काढलं तेव्हा त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

निमित्त झालं शेजारच्या वहिनींचं. त्या इथल्याच एका शाळेत हिंदी शिकवतात. म्हणाल्या, "आमच्या मराठीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर चालल्यात. कुणी मिळतंय का, विचारत होते सर. जाऊन तर बघा!" घरी विषय काढला. हे म्हणाले, "आणि सहा महिन्यांनी काय?" सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं ते न बोलणंच मला जास्त जड गेलं. तरी अर्ज दिला.

अशा जागांच्या जाहिराती क्वचितच येतात, तेव्हा त्यांची वाट बघत बसू नका. बाळंतपणाची रजा १८० दिवसांची. शिवाय कुणाचं ऑपरेशन, कुणाचा पाय मोडलेला. जूनच्या सुरुवातीला आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर सरळ मुख्याध्यापकांना भेटा. अर्जात तुमचे बी.एड.चे अध्यापन विषय सगळ्यात वर लिहा, कारण त्यांना आधी वेळापत्रकातलं भोक बुजवायचं असतं. मग तुमची गुणपत्रिका.

आता कायद्याचं थोडं. खाजगी शाळांतल्या नोकऱ्यांसाठी १९७७ चा अधिनियम आहे आणि त्याखाली १९८१ ची नियमावली. रजेच्या जागेवरची नेमणूक तात्पुरतीच असते, मूळच्या बाई आल्या की आपण उठायचं. "एकदा आत शिरलं की चिकटता येतं" असं सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. कायमच्या जागेची वाट वेगळी. पहिली ते आठवीला शिकवायचं तर शिक्षक पात्रता परीक्षा हवीच. राज्यात ती २०१३ पासून होते. पहिला पेपर पाचवीपर्यंतच्या वर्गांसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. दीडशे गुणांपैकी खुल्या गटाला ९० लागतात. बदलीचं काम करता करता तिचा अभ्यास होतो, हे मात्र अनुभवाने सांगते.

पहिल्याच दिवशी आठवी ब. मी फळ्यावर तारीख लिहितेय तोच मागून आवाज, "बाई, तुम्ही किती दिवस?" वर्ग खुसुखुसू हसला. क्षणभर वाटलं, थाप मारावी. पण म्हटलं, "डिसेंबरपर्यंत. मग तुमच्या बाई येतील." खरं सांगितलं ते बरं झालं. मुलांना कोण किती दिवसांचं हे शिपायांच्या आधी कळतं! त्या दिवशी आवाज इतका चढवला की संध्याकाळी घरी बोलवेना. दुसऱ्या दिवसापासून हजेरी घेताना प्रत्येक नाव तोंड वर करून घेऊ लागले. आठवड्यात साठातली पन्नास नावं पाठ झाली आणि ओरडायची गरज निम्मी उरली.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी वाचायची पाळी आली की पुस्तक खाली पाडायची. दोनदा मला वाटलं, आगाऊपणा आहे. मग ध्यानात आलं, तिला जोडाक्षरंच येत नव्हती. आठवीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, की कुणाला वेळ नव्हता, देव जाणे. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता रोज दहा ओळी वाचायच्या असं आमचं ठरलं.

पैशांचं सांगायलाच हवं. मी लेखी आदेश मागितला नाही, ही माझी चूक. "आपल्याच शाळा आहेत हो," म्हणाले नि मी भुलले. पहिला पगार चौथ्या महिन्यात, तोही दिवाळीच्या सुट्टीचे दिवस कापून. दाखवायला हातात कागद नाही. वाचवलं ते एका शंभरपानी वहीने. रोजचे तास, वर्ग, शिकवलेला भाग मी तीत लिहायची आणि शनिवारी पर्यवेक्षकांची सही घ्यायची. त्या सह्यांवर बाकीचे पैसे सुटले. सुट्टीचे गेले ते गेलेच. तुम्ही मात्र पहिल्या दिवशीच आदेश मागा. किती तारखेपासून कितीपर्यंत, पगार महिन्यावर की तासावर, सुट्टीचं काय, हे त्यात हवं. मागायला लाजू नका. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी वाद घालतोच की आपण!

डिसेंबरात त्या बाई परतल्या. मी त्यांना त्याच वहीची शेवटची दोन पानं दिली. कुठला धडा कुठवर आलाय, कुणाला पुढे बसवायचं, आणि तिसऱ्या बाकावरचीची जोडाक्षरं 'क्ष'पाशी थांबलीत. आठवडाभराने त्यांचा फोन आला. "तुमची ती मुलगी डबा घेऊन येते हो माझ्यापाशी. 'ज्ञ' पण आला तिला."

जानेवारीत दुसऱ्या एका शाळेतून निरोप आला, तीन आठवड्यांसाठी. या वेळी मी आधी कागद मागितला, त्यांनी दिलाही. सकाळी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई कणीक मळून बसलेल्या. "किती वाजता निघायचंय?" त्यांनी विचारलं.