एकटीनं निघायचं तर...

आपण वऱ्हाडातल्या बायका. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर. पावसाळ्यात मोर्णा दुथडी भरली की पुलावर जाऊन कौतुकानं बघायची, एवढाच आपला नि मोठ्या पाण्याचा संबंध! तरी मैत्रिणींनो, आज मला शिडाच्या होडीतून एकट्यानं केलेल्या प्रवासाबद्दल सांगायचंय.

नौदलातले कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून 'म्हादेई' या ५६ फुटी होडीतून निघाले आणि १९ मे २०१०ला परतले. वाटेत चार मुक्काम, बाकी नुसतं पाणी. होडीवर दुसरं माणूस नाही. शीड ओढणारे तेच, फाटलं तर शिवणारे तेच, स्वयंपाक करणारेही तेच. शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

मला जास्त भावली ती त्यांची तयारी. कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. दोंदे यांनी होकार दिला २००६मध्ये, म्हणजे तयारीलाच तीन वर्षं लागली! होडी बांधली गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी. बांधकाम सुरू असताना दोंदे स्वतः तिथे राबले. भर समुद्रात काही बिघडलं तर मिस्त्री कुठून आणणार? इंग्लंडच्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडून त्यांनी धडे घेतले. म्हणजे होडीत माणूस एकटा, पण त्याच्यामागे किती हात!

पुढे दोंदे यांनी नौदलातल्या मुलींना शिकवलं. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी 'तारिणी'तून सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात जगाला फेरी मारून आल्या. ऑक्टोबर २०२४मध्ये त्याच होडीतून दिलना आणि रूपा, फक्त दोघी निघाल्या. जानेवारी २०२५मध्ये त्यांनी पॅसिफिकमधला 'पॉइंट निमो' ओलांडला. तिथून सगळ्यात जवळची जमीनसुद्धा सुमारे २,६८८ किलोमीटरवर! मे २०२५मध्ये दोघी सुखरूप गोव्यात परतल्या.

आणि अगदी एकटी? दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. एकट्यानं, कुठंही न थांबता जगाला फेरी मारायची 'गोल्डन ग्लोब' शर्यत तिनं एप्रिल २०२३मध्ये जिंकली. या शर्यतीत वाट शोधायला जीपीएस चालत नाही. सूर्य-तारे बघून हिशेब मांडायचा. वाटेत एका स्पर्धकाची होडी बुडाली, तेव्हा आपली वाट सोडून ती त्याला वाचवायला गेली. आपले अभिलाष टॉमी त्याच शर्यतीत दुसरे आले. २०१८च्या शर्यतीत वादळात त्यांच्या पाठीला जबर मार बसला होता, तरी ते पुन्हा उतरले.

बचत गटाच्या कामानं मी खारपाणपट्ट्यातल्या गावांत फिरते. तिथं बाई बँकेत जायला निघाली की हमखास कानावर येतं, ''एकटीच काहून चालली वो? कोणाले तरी संगं ने ना!'' यात काळजी असते, नाही असं नाही. पण याच काळजीपायी कित्येकींनी चाळिशी ओलांडली तरी तालुक्याच्या गावाला एकटीनं एसटीनं जाऊन पाहिलेलं नसतं. मग नवरा आजारी पडला की खत आणण्यापासून दवाखान्याच्या कागदांपर्यंत सगळंच अडतं.

होडी बांधणाऱ्यानं दोंदे यांना ''जाऊ नका'' म्हटलं नाही, त्यानं होडी भक्कम बांधून दिली. घरच्यांची काळजीही अशीच असावी. लेकीला थांबवण्यापेक्षा तिला फॉर्म भरायला शिकवा, गाडीचं वेळापत्रक वाचायला शिकवा, दोन नंबर पाठ करून घ्या. सासूबाईंनीही एखाद्या दिवशी सुनेला म्हणावं, ''जाय बाई तू, पोराले मी पायतो.''

पहिल्यांदा गावाबाहेर एकटीनं पडणाऱ्या बाईला अकोल्याचा बसस्टँडही समुद्राएवढाच वाटतो. तिथून ती काम करून परतली की तिला चहा द्या आणि सगळं नीट विचारा. पुढच्या वेळी ती शेजारणीलाही वाट सांगेल.