अँटिस्टॅटिक मॅटची निगा : पाहावी, मोजावी, मग बदलावी

इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाच्या मेजावर अंथरलेली हिरवी किंवा निळी मॅट आता आपल्या गावागावांत परिचयाची झाली आहे. मोबाइल दुरुस्तीचे दुकान असो, आयटीआयमधील ‘इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक’ या व्यवसायाची कार्यशाळा असो, की शाळेच्या प्रयोगशाळेतील एखादा कोपरा असो, ही मॅट तेथे दिसते. तिला अँटिस्टॅटिक किंवा ईएसडी मॅट म्हणतात. पहिल्या दिवशी ती हौसेने अंथरली जाते. पुढे तिच्यावर चहाच्या कपांची वर्तुळे उमटतात, सोल्डरिंगचे डाग पडतात, कडा मुडपतात आणि तरीही ती वर्षानुवर्षे तेथेच राहते. ती अजून आपले काम करते आहे काय, हे सहसा कोणी विचारत नाही. हा प्रश्न कसा विचारावा आणि त्याचे उत्तर स्वतः कसे शोधावे, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

न जाणवणारा झटका

थंडीच्या दिवसांत लोकरी स्वेटर अंगातून काढताना चटचट आवाज होतो, अंधारात बारीक ठिणग्याही दिसतात. दोन पदार्थ एकमेकांना लागून दूर झाले की एकावरील इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात आणि दोहोंवर विद्युत प्रभार साचतो. हीच स्थितिक विद्युत. खुर्चीवरून उठताना, नायलॉनच्या कपड्यांत वावरताना, प्लॅस्टिकची पिशवी उघडताना ती सतत निर्माण होत असते.

अंगावरील प्रभार साधारणतः ३,००० व्होल्टच्या आसपास पोहोचेपर्यंत त्याचा झटका माणसाला जाणवत नाही. आयसी, मॉसफेट यांसारखे काही घटक मात्र शंभर-दोनशे व्होल्टनेही बिघडतात. चाचणीच्या हिशेबात मानवी शरीराची धारिता १०० पिकोफॅरॅड आणि रोध १,५०० ओहम धरला जातो. या हिशेबाने ३,००० व्होल्टचा प्रभार बोटातून घटकात उतरला, तर क्षणमात्र सुमारे २ अँपिअर प्रवाह वाहतो. तो क्षण सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान असतो. पण घटकातील अतिसूक्ष्म थर जाळण्यास तेवढा पुरतो.

हे नुकसान दोन प्रकारचे असते. काही घटक जागीच निकामी होतात. काही मात्र दुखावलेल्या अवस्थेत चालत राहतात आणि पुढे केव्हातरी बंद पडतात. दुकानदाराच्या दृष्टीने दुसरा प्रकार अधिक घातक. कारण दुरुस्त झालेला मोबाइल ग्राहकाच्या हाती जातो, आठ दिवसांनी परत येतो आणि दुकानाची पत जाते. शिकणाऱ्या मुलाचे नुकसान तर याहूनही मोठे असते. जोडणी बरोबर, सोल्डरिंग स्वच्छ, तरीही बोर्ड चालत नाही. ‘माझ्या हातालाच गुण नाही’ असे तो ठरवून टाकतो. ज्याच्या घरातून या क्षेत्रात आलेला तो पहिलाच आहे, त्याला दुसरे कारण सांगणारे कोणी जवळ नसते. दोष मॅटचा असतो आणि ठपका मुलाच्या हातावर बसतो. म्हणून या साध्या वस्तूकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे.

मॅटचे कार्य

उघड्या धातूच्या पत्र्यावर प्रभारित घटक ठेवला, तर प्रभार एकदम उतरतो आणि घटक जळू शकतो. प्लॅस्टिकच्या किंवा सनमायका लावलेल्या मेजावर ठेवला, तर प्रभार उतरतच नाही. मॅट या दोहोंमधला मार्ग देते. चांगल्या मॅटला बहुधा दोन थर असतात. वरचा रंगीत थर प्रभार सावकाश वाहू देतो. खालचा काळा थर कार्बनमुळे सुवाहक असतो आणि तो प्रभार गोळा करून तारेवाटे जमिनीकडे नेतो.

‘एएनएसआय/ईएसडी एस२०.२०’ हे अमेरिकन मानक आणि ‘आयईसी ६१३४०-५-१’ हे आंतरराष्ट्रीय मानक, दोन्ही सांगतात की मेजाच्या पृष्ठभागापासून जमिनीपर्यंतचा रोध १०० कोटी ओहमपेक्षा कमी असावा. याचे कारण सोप्या गुणाकाराने कळते. १०० पिकोफॅरॅड धारितेला १०० कोटी ओहमने गुणले, तर ०.१ सेकंद हे उत्तर येते. म्हणजे साचलेला प्रभार अर्ध्या सेकंदात जवळजवळ संपूर्ण ओसरतो. रोध शंभरपट वाढला, तर त्याच कामाला पाऊण मिनिटाहून अधिक वेळ लागेल आणि तोवर हात पुढच्या घटकाला लागलेला असेल.

मॅटच्या तारेत बहुधा १० लाख ओहमचा रोधक बसवलेला असतो, मनगटपट्टीच्या तारेत तर तो असतोच. तो माणसाच्या रक्षणासाठी आहे. चुकून २३० व्होल्टचा स्पर्श झाला, तरी त्या तारेतून फक्त ०.२३ मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. हा रोधक काढून साधी तार जोडण्याचा मोह कोणीही करू नये. तसेच २३० व्होल्टचा भाग उघडा असलेल्या चालू उपकरणावर काम करताना मनगटपट्टी घालू नये.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. विजेच्या पॅनेलसमोर जमिनीवर जी काळी रबरी मॅट अंथरतात, ती विद्युतरोधक असते आणि तिच्यासाठी ‘आयएस १५६५२’ हे स्वतंत्र भारतीय मानक आहे. तिचे काम प्रवाह अडवण्याचे, तर ईएसडी मॅटचे काम प्रभार वाहून नेण्याचे. एकीच्या जागी दुसरी वापरणे धोक्याचे आहे. पॅनेलसमोर ईएसडी मॅट टाकणे तर जिवावर बेतू शकते.

तपासणीची रीत

पहिली तपासणी मॅटची नसून सॉकेटची असते. मॅटची तार तीन पिनांच्या सॉकेटमधील वरच्या मोठ्या पिनेच्या अर्थिंगला जोडलेली असते. अनेक जुन्या इमारतींत त्या पिनेमागे तारच नसते. जाणकार वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. न्यूट्रलला तार जोडण्याची पळवाट कदापि स्वीकारू नये. दोन मेजांच्या मॅट एकीतून दुसरीत अशा साखळीने न जोडता प्रत्येकीची तार स्वतंत्रपणे अर्थिंगपर्यंत न्यावी.

दुसरी तपासणी रोधाची. साधा मल्टिमीटर या कामी उपयोगाचा नाही. त्याचा चाचणीचा दाब फार कमी असतो आणि टोके सुईसारखी असतात. यासाठी पृष्ठरोध मापक लागतो. त्याची विद्युतअग्रे ६३.५ मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे २.२७ किलोग्रॅम वजनाची असतात, आणि उच्च रोधासाठी चाचणीचा दाब १०० व्होल्ट असतो. मॅटवर मधोमध, कोपऱ्यांत आणि जेथे हात सर्वाधिक वावरतो तेथे, अशा निदान पाच ठिकाणी मोजावे. सर्वाधिक वापराची जागाच आधी खराब होते.

दोन प्रकारे मोजल्यास दोष नेमका सापडतो. मॅटवरील दोन बिंदूंमधला रोध योग्य आहे, पण मॅट ते जमीन हा रोध मर्यादेबाहेर आहे, असे दिसले तर मॅट निर्दोष समजावी. दोष बटणाचा, तारेचा किंवा अर्थिंगचा असतो; थोड्या खर्चात काम भागते. दोन्ही रोध मर्यादेबाहेर असतील, तर आधी मॅट स्वच्छ करून पुन्हा मोजावे.

ऋतूचेही भान ठेवावे. पावसाळ्यात दमट हवेमुळे पृष्ठभागावर ओलाव्याचा थर बसतो आणि जुनी मॅटही उत्तीर्ण होते. तीच मॅट विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत अनुत्तीर्ण ठरू शकते, आणि धोका तर तेव्हाच अधिक असतो. म्हणून दर तीन महिन्यांनी मोजावे. उन्हाळ्यातील मोजणी तर चुकवूच नये. मॅटच्या खालच्या बाजूस खरेदीची तारीख लिहावी आणि प्रत्येक मोजणीची नोंद वहीत ठेवावी. आकडा हळूहळू वर सरकत असेल, तर वही ते आधीच सांगते.

निगा

मॅट खराब होण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे घाण आणि चुकीची स्वच्छता. हातांचे तेल, फ्लक्स, धूळ यांचा पातळ थर विद्युतरोधक असतो. सिलिकॉन किंवा मेण असलेले घरगुती क्लीनर चकाकी देतात. पण ती चकाकीच प्रभाराची वाट अडवते. ईएसडी मॅटसाठी बनवलेला क्लीनर वापरावा. आयसोप्रोपिल अल्कोहोल वारंवार वापरल्यास विनाइलची मॅट कोरडी आणि कडक होत जाते, हे लक्षात ठेवावे. पुसल्यावर ती पूर्ण वाळू द्यावी, मगच मोजावे.

तापलेले सोल्डरिंग आयर्न स्टँडवरच ठेवावे. उष्णता सोसण्यात रबर विनाइलपेक्षा सरस आहे. म्हणून सोल्डरिंगच्या मेजावर रबरी मॅटच घ्यावी. मॅटवर कटर चालवू नये. थर्मोकोल, चिकटपट्टी, प्लॅस्टिकचे कप आणि पिशव्या नाजूक घटकांपासून निदान ३० सेंटिमीटर दूर ठेवाव्यात. कारण विद्युतरोधक वस्तूवरील प्रभार मॅटवर ठेवूनही उतरत नाही. मॅट माणसाच्या अंगावरील प्रभाराचीही हमी देत नाही. त्यासाठी मनगटपट्टी हवी आणि तिची तपासणी रोज व्हावी. पट्टी घातलेल्या व्यक्तीसह एकूण रोध साडेतीन कोटी ओहमपेक्षा कमी असला पाहिजे.

केव्हा बदलावी

स्वच्छ केल्यावरही रोध मर्यादेबाहेर राहिला, थर एकमेकांपासून सुटू लागले, बटणाभोवती फाटले, कामाच्या जागी जळून खड्डे पडले किंवा पृष्ठभाग कडक होऊन भेगाळला, तर मॅट बदलावी. केवळ रंग उडाला म्हणून बदलण्याचे कारण नाही, आणि केवळ नवी दिसते म्हणून ठेवण्याचेही नाही. नवी मॅट गुंडाळीतून काढून एक दिवस सपाट पसरू द्यावी, काळा थर खाली ठेवून अंथरावी आणि पहिल्याच दिवशी मोजून आकडा वहीत लिहावा. जुनी मॅट जाळू नये. विनाइलच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायू असतो. सुतारकामाच्या मेजावर ती वापरता येईल, पण ‘ईएसडीसाठी नाही’ असे तिच्यावर ठळक लिहून.

शाळेला उपकरणे भेट देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करावीशी वाटते. दहा मॅट देण्यापेक्षा आठ द्याव्यात आणि उरलेल्या रकमेत शक्य होईल तेवढी भर घालून एक पृष्ठरोध मापक द्यावा. तालुक्यातील दुरुस्तीची दुकाने चालवणाऱ्या आपल्या बांधवांनाही एकच मापक आळीपाळीने वापरता येईल. पालकांनीही मुलाच्या कार्यशाळेत गेल्यावर मोजणीची वही पाहायला मागावी.

धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले आहे; ये आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. कोणी सांगितले म्हणून न मानता स्वतः पडताळून घेण्याची ही शिकवण निवासी शाळेतील मुलांना रोजच्या वंदनेतून परिचित असते. कार्यशाळेतील मेजावर ती मापकाच्या आकड्यातून आचरणात येते. ज्या मुलाने कामाला बसण्यापूर्वी मॅट मोजली आहे, त्याचा बोर्ड चालला नाही तरी तो दोष शोधायला बसेल. स्वतःच्या हाताला बोल लावणार नाही.