एक शॉट, किती वेळ? पूलमधला संथ खेळ आणि खुर्चीत बसलेला दुसरा खेळाडू

मोबाइलवर पूलचा गेम कधी ना कधी तुम्ही खेळला असाल. आपली पाळी आली की आपल्या फोटोभोवतीची रेघ सरकायला लागते. नेम धरेपर्यंत ती लाल होते आणि रेघ संपली की पाळी थेट समोरच्याकडे! मग कितीही सोपा शॉट असो, हातातून गेला.

आता गंमत बघा. मोबाइलवर टाइमपास म्हणून खेळणाऱ्या आपल्यामागे घड्याळ लागलेलं असतं, पण लाखोंच्या बक्षिसांसाठी खेळणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंच्या अनेक सामन्यांत असं घड्याळ नसतंच. म्हणूनच ‘संथ खेळ’ हा पूलच्या जगातला जुना आणि चिघळलेला वाद आहे. एक खेळाडू टेबलाभोवती फेऱ्या मारतो, क्यूला पुन्हा पुन्हा खडू लावतो, वाकतो, परत सरळ उभा राहतो... आणि दुसरा खुर्चीत बसून नुसतं बघत राहतो.

हे खेळाचं कौशल्य म्हणायचं की समोरच्याला त्रास द्यायची युक्ती? चला, समजून घेऊया.

आधी खेळ थोडक्यात

व्यावसायिक पूलमध्ये सर्वात लोकप्रिय प्रकार म्हणजे ‘नाइन बॉल’. टेबलावर १ ते ९ क्रमांकाचे चेंडू असतात. पांढरा चेंडू दर वेळी टेबलावरच्या सर्वात लहान क्रमांकाच्या चेंडूला आधी लागला पाहिजे. नियमाप्रमाणे ९ नंबरचा चेंडू पॉकेटमध्ये घालणारा तो डाव, म्हणजे ‘रॅक’, जिंकतो. ठरलेले रॅक जो आधी जिंकेल, सामना त्याचा.

कॅरममध्ये सोंगटी गेली की पुन्हा आपलीच पाळी येते ना? इथेही तसंच आहे. चेंडू जात राहिले की पाळी संपतच नाही. समोरचा कितीही मोठा खेळाडू असो, त्याला खुर्चीतून उठताही येत नाही.

एवढा वेळ जातो कुठे?

बघणाऱ्याला वाटतं, समोर चेंडू आहे, मागे पॉकेट आहे, मारून टाक की! पण खेळाडूच्या डोक्यात वेगळंच गणित चालू असतं. हा चेंडू तर जाईलच, पण पांढरा चेंडू थांबेल कुठे? तिथून पुढचा चेंडू दिसेल का? आणि त्याच्या पुढचा? चांगला खेळाडू कायम दोन-तीन चेंडू पुढचा विचार करतो. त्यात फिरकी किती द्यायची, जोर किती लावायचा, कडेला आपटून चेंडू कुठल्या कोनात येईल, हे सगळं आलं. चेंडू जाण्यासारखा नसेल, तर समोरच्याला अडचणीत टाकणारा ‘सेफ्टी’ शॉट शोधावा लागतो आणि त्याला जास्तच डोकं लागतं.

शिवाय एक चूक झाली की पाळी गेली आणि कदाचित सामनाही गेला. त्या दडपणाखाली माणूस आपोआप हळू होतो. त्यामुळे संथ खेळणारा प्रत्येक जण लबाडच असतो, असं मुळीच नाही.

२०१७ चं उदाहरण घ्या. स्नूकर हे पूलचंच भावंड. त्याच्या जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत फर्गल ओब्रायन आणि डेव्हिड गिल्बर्ट यांची ९-९ अशी बरोबरी झाली होती. शेवटची निर्णायक फ्रेम चालली तब्बल १२३ मिनिटं ४१ सेकंद! एका हिंदी सिनेमाएवढी एकच फ्रेम. ती ओब्रायननं जिंकली. पण दोघांचंही सगळं पणाला लागलेलं होतं आणि दोघंही जपून खेळत होते. लांबलेला खेळ आणि मुद्दाम लांबवलेला खेळ, यात फरक आहे तो इथे.

खुर्चीतला माणूस

मग अडचण कुठे आहे? ती आहे खुर्चीत.

एक साधा हिशोब करू. एका रॅकला ९ शॉट धरले आणि प्रत्येक शॉटला २० सेकंद लागले, तर रॅक ३ मिनिटांत संपतो. तेच प्रत्येक शॉटला मिनिट लागलं तर ९ मिनिटं. काही स्पर्धांमध्ये रॅक जिंकणाराच पुढचा ब्रेक करतो. अशा सामन्यात एखाद्यानं सलग तीन रॅक साफ केले, तर दुसरा एका बाबतीत ९ मिनिटं बसून राहील आणि दुसऱ्या बाबतीत २७ मिनिटं!

पूल हा लयीचा खेळ आहे. इतका वेळ बसल्यावर हात थंड पडतो, लक्ष भरकटतं, मनात नको ते विचार येतात. टेनिसमध्ये समोरच्याचा राग पुढच्या फटक्यावर काढता येतो. इथे काहीच करता येत नाही. आणि मग पाळी येते ती नेमकी अवघड शॉटवर.

२००५ : बारा गुण आणि पाच मिनिटं

या वादात एक सामना हमखास आठवला जातो, तोही स्नूकरचाच. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात २००५ च्या जागतिक स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी चालू होती. एका बाजूला गतविजेता रॉनी ओसुलिव्हन, विजेसारखा खेळणारा. दुसऱ्या बाजूला २००२ चा विजेता पीटर एबडन, शांत आणि अतिशय सावध.

ओसुलिव्हन ८-२ असा पुढे होता. मग एबडननं खेळ आणखी संथ केला. एका पाळीत त्यानं अवघे १२ गुण केले आणि त्यासाठी पाच मिनिटांहून जास्त वेळ घेतला. गंमत म्हणजे याच ओसुलिव्हननं १९९७ मध्ये जवळपास तेवढ्याच वेळात १४७ गुणांचा सर्वोच्च ब्रेक पूर्ण केला होता! खुर्चीत बसून तो इतका वैतागला की त्यानं प्रेक्षकांतल्या एकाला ‘किती वाजले’ असं विचारलं.

शेवटी सामना एबडननं १३-११ असा जिंकला. काहींना ही चिकाटी वाटली, काहींना अखिलाडूपणा. दोन्ही बाजूंचे लोक अजून भांडतात. पण हातातून निसटलेला सामना शांतपणे खेचून आणणं हेही सोपं नसतं, हे मान्य करावंच लागेल.

नियम काय म्हणतो?

पूलच्या जागतिक नियमांत संथ खेळावर उपाय आहे. खेळाडू फारच रेंगाळतोय असं वाटलं, तर पंच आधी त्याला वेग वाढवायला सांगतात. तरीही फरक पडला नाही, तर ते सामन्याला ‘शॉट क्लॉक’ लावू शकतात. वेळ संपली की फाउल. नाइन बॉलमध्ये फाउल महाग पडतो, कारण मग समोरचा पांढरा चेंडू हातात घेऊन टेबलावर हवा तिथे ठेवतो.

यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे घड्याळ दोघांनाही लागू होतं. रेंगाळणाऱ्याला एकट्याला शिक्षा नाही आणि दुसऱ्याला सूटही नाही.

युरोप आणि अमेरिका यांच्यात १९९४ पासून होणाऱ्या मॉस्कोनी कपसारख्या स्पर्धांत मात्र घड्याळ पहिल्यापासूनच चालू असतं. एका शॉटला ३० सेकंद. खरोखर अवघड परिस्थिती आली, तर प्रत्येक रॅकमध्ये एकदा जादा वेळ मागता येतो. ही सोय मला फार आवडते. विचार करायला मनाई नाही, पण तो जपून खर्च करा, असंच जणू ती सांगते.

मग सगळीकडे घड्याळ का नाही?

कारण साधं आहे : माणसं आणि पैसे. २०१९ च्या यूएस ओपन नाइन बॉल स्पर्धेत २५६ खेळाडू होते. सुरुवातीच्या फेऱ्यांत एकाच वेळी कितीतरी टेबलांवर सामने चालतात. प्रत्येक टेबलाला वेळ मोजणारा माणूस आणायचा कुठून? म्हणून घड्याळ बऱ्याचदा फक्त टीव्हीवर दिसणाऱ्या टेबलावर असतं. बाकी टेबलांवर तक्रार आली की बघायचं.

इतर खेळांनी मात्र या प्रश्नावर पक्का तोडगा काढलाय. १९५० मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमधला एक सामना १९-१८ असा संपला, कारण एक संघ चेंडू नुसता धरून बसला होता. लोक कंटाळले. १९५४ मध्ये २४ सेकंदांचं घड्याळ आलं. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटकडे चेंडू टाकतात आणि सामना असतो २८८० सेकंदांचा. भागाकार केला की २४! आपल्या क्रिकेटमध्येही आता वनडे आणि टी-ट्वेंटीत दोन षटकांमध्ये ६० सेकंदांची मर्यादा आहे. दोन ताकिदींनंतरही उशीर झाला की ५ धावांचा दंड.

तुम्ही खेळता तेव्हा

पूल पार्लरमध्ये बऱ्याच ठिकाणी तासावर पैसे मोजावे लागतात. तिथे रेंगाळणारा मित्र खिशालाही जड जातो! म्हणून काही साध्या सवयी :

• समोरचा खेळत असताना मोबाइल बाजूला ठेवा आणि टेबल वाचा. निम्मा विचार तिथेच होतो.
• खडू लावता लावता शॉट ठरवा. वाकण्याआधी निर्णय पक्का हवा. वाकल्यावर शंका आली, तर सरळ उभे राहा, पण एकदाच.
• सोप्या शॉटला कमी वेळ द्या, म्हणजे अवघड शॉटला जास्त घेतलात तरी कुणी नाक मुरडणार नाही.
• घरात मुलांबरोबर कॅरम खेळताना मोबाइलवर ३० सेकंदांचा टायमर लावून बघा. आई-बाबांनाही तोच नियम हं!
• समोरचा खरंच नवशिका असेल, तर मात्र घड्याळ विसरा. त्याला शिकू द्या.

विचार करून खेळणं हा काही गुन्हा नाही. पण टेबलावरचा वेळ दोघांचा असतो आणि आपण घेतलेला प्रत्येक जादा मिनिट समोरच्याच्या लयीतून जातो. तेवढं लक्षात राहिलं, तर घड्याळाची गरजच फारशी पडणार नाही.

तुमच्या ग्रुपमध्येही असा एखादा ‘थांब, विचार करतोय’ म्हणणारा आहे ना? त्याला हा लेख नक्की पाठवा. वाचायला हवा तेवढा वेळ घेऊ दे!