गालिचा धुण्याचे यंत्र : घरोघरी की पाच घरांत एक?

चाळीतून आणि झोपडपट्टीतून आमची बरीच कुटुंबे दोन खोल्यांच्या पक्क्या घरात गेली आणि पुढच्या खोलीत गालिचा आला. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, खाली गालिचा, आल्यागेल्याला बसायला चांगली जागा. यात वावगे काही नाही. ज्यांच्या वाडवडिलांना दुसऱ्याच्या ओटीवर पाऊल ठेवू दिले जात नव्हते, त्यांच्या घरातला गालिचा ही नुसती हौस नाही. परंतु गालिच्यामागे धूळ येते, धुळीमागे मुलांचा खोकला येतो आणि खोकल्यामागे यंत्र विकणारा दारात उभा राहतो. मुलीच्या क्लासची फी आणि यंत्राचा हप्ता एकाच पगारातून जायचा असतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

झाडलोट करणाऱ्याचे यंत्र

अमेरिकेत ओहायो राज्यातील कँटन या गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाचे गृहस्थ एका दुकानात झाडलोटीचे काम करीत. त्यांना दमा होता. झाडताना उडणारी धूळ सोसवेना, तेव्हा त्यांनी १९०७ साली पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांची जुळणी करून धूळ ओढणारे यंत्र बनविले. १९०८ साली त्यांना पेटंट मिळाले. पुढे ते हक्क हूवर यांनी घेतले आणि यंत्र हूवर यांच्या नावाने जगभर विकले गेले. झाडणाऱ्या माणसाची छाती वाचावी म्हणून निघालेली ही वस्तू आहे, हे आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

बाबासाहेबांनीही यंत्राला विरोध केला नाही. काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ सालच्या ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधी विचाराचा समाचार घेतला आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, फुरसतीशिवाय मनाची वाढ होत नाही. दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तेव्हा यंत्र घ्यावे की नाही हा प्रश्न नाही. कोणते घ्यावे आणि फुरसत कोणाला मिळावी, हा प्रश्न आहे.

तीन यंत्रे, तीन कामे

पहिले, हाताने ढकलायचे बिनविजेचे यंत्र. त्यात फिरते ब्रश असतात. केस, चुरा, कागदाचे कपटे ते उचलते. आत बसलेली धूळ ओढत नाही.

दुसरे, व्हॅक्यूम क्लीनर. हे कोरडी धूळ ओढते, पण डाग काढत नाही. काही व्हॅक्यूम क्लीनर सांडलेले पाणीही ओढतात. तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर ओल्या जागेवर चालवू नये. शॉक बसू शकतो.

तिसरे, गालिचा धुण्याचे यंत्र. हे साबणाचे पाणी फवारते, ब्रशने घासते आणि मळके पाणी परत ओढून घेते. आधी धूळ काढल्याशिवाय हे चालविले तर धुळीचा चिखल होतो. साबण जास्त घातला तर तो तंतूंत चिकटून राहतो आणि गालिचा पुन्हा लवकर मळतो. धुतलेला गालिचा एका दिवसात सुकला पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात हे काम काढूच नये.

आधी गालिचा पाहा

सुती सतरंजीला यंत्र लागत नाही. ती झटकावी, धुवावी, दोन्ही बाजूंनी उन्हात घालावी. तागाचा गालिचा भिजवू नये, तपकिरी डाग पडतात. लोकरीच्या गालिच्याला कढत पाणी आणि ब्लीच चालत नाही. नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा गालिचा यंत्राने धुता येतो. कोणताही असो, ओले पांढरे फडके एका कोपऱ्यावर दाबून रंग सुटतो का ते आधी पाहावे.

घरात दम्याचे मूल असेल तर वेगळा विचार करावा. धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे आणि त्यांची विष्ठा यांमुळे दमा वाढतो. अशा वेळी झोपायच्या खोलीतून गालिचा काढून टाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. यंत्र घ्यायचेच असेल तर हेपा फिल्टरचे घ्यावे. हा फिल्टर ०.३ मायक्रॉन एवढे बारीक ९९.९७ टक्के कण अडवतो. साध्या पिशवीतून बारीक धूळ पुन्हा खोलीत येते.

वीज आणि पैसा

जाहिरातीत वॉटचा आकडा मोठा छापतात. वॉट म्हणजे यंत्र किती वीज घेते ते. धूळ किती ओढते ते नव्हे. १४०० वॉटचे यंत्र वीस मिनिटे चालले तर अर्ध्या युनिटापेक्षा कमी वीज लागते, तेव्हा बिलाची फार भीती नको. काळजी वायरिंगची घ्यावी. १६०० वॉटचे यंत्र सुमारे ७ अँपिअर वीज ओढते. ते ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर किंवा स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नये. १६ अँपिअरचा प्लग आणि अर्थिंग हवेच.

आता हिशेब मांडू. समजा, धुण्याचे यंत्र १५,००० रुपयांना आले आणि पाच वर्षे टिकले. घरचा गालिचा वर्षातून दोनदा धुतला तर दहा धुलाया होतील, म्हणजे एक धुलाई १,५०० रुपयांना पडली. तेच पाच घरांनी मिळून घेतले तर प्रत्येकी ३,००० रुपये जातील आणि एक धुलाई ३०० रुपयांना पडेल. विहाराचा गालिचाही त्यातच निघेल. यात नवल काही नाही. १९०१ साली लंडनला ह्यूबर्ट बूथ यांनी धूळ ओढणारे यंत्र काढले तेव्हा ते घोडागाडीवरून दारोदार फिरे आणि खिडकीतून नळ्या आत सोडून घरे साफ केली जात.

सबब आमचे मत असे : आठवड्याचे काम असेल तर व्हॅक्यूम क्लीनर ज्याचा त्याने घ्यावा, वर्षातून दोनदा लागणारे धुण्याचे यंत्र मात्र मिळून घ्यावे. वही ठेवावी, चावी एकाकडे असावी, दर वापराला थोडी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला टाकावी आणि टाकी धुऊनच यंत्र परत द्यावे.

विकणाऱ्याला विचारा

घरी येऊन गादीतली धूळ काळ्या फडक्यावर काढून दाखवितात आणि घरची बाई ओशाळते. ओशाळण्याचे कारण नाही. धूळ कोणाच्याही गादीतून निघते. त्यावरून हेच यंत्र चांगले ठरत नाही. पिशव्या, फिल्टर, ब्रश कितीला आणि कोठे मिळतात? दुरुस्तीचे केंद्र गावात आहे का? हप्ते आणि प्रोसेसिंग फी धरून एकूण रक्कम किती? हे विचारावे. पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड सोडू नये. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते.

चालविणार कोण?

शेवटचा प्रश्न दुकानदार विचारणार नाही. झाडलोट पिढ्यान्‌पिढ्या आमच्या समाजावर लादली गेली. ती आमच्याच घरात बाईवर लादली जात असेल तर आम्ही काय बदलले? आमच्या कितीतरी भगिनी दिवसभर दुसऱ्यांच्या फरश्या पुसून येतात. त्यांच्या हाती संध्याकाळी यंत्राची नळी देणे ही सुधारणा नव्हे. बटण दाबायला पुरुषाचा हातही पुरतो. रविवारी बुद्धवंदना आटोपली की बाप आणि मुलगे यांनी गालिचा साफ करावा आणि त्या तासात घरच्या बाईने वर्तमानपत्र वाचावे, विहारात जावे किंवा नुसते बसावे. अशा घरात आलेल्या यंत्राचे पैसे वसूल झाले, असे आम्ही समजू.

जयभीम!