बंदरातला एक दिवस

समुद्रपर्यटन हा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे. चार-सहा दिवसांचे तिकीट काढावे, रात्री जहाजाने अंतर कापावे आणि दिवसा एखादे शहर पाहावे, अशी ही रीत. आम्ही गोदी-कामगारांत वावरलेली माणसे. शहर पाहण्याचा हा दिवस कसा घडतो, ते मुंबईच्या उदाहरणाने सांगावे असे आम्हांला वाटते.

जहाज सकाळी बॅलार्ड पिअरला लागले आणि संध्याकाळी सुटणार असले, तर उतरणे, तपासणी आणि परतणे यांचा वेळ वजा जाता प्रवाशाच्या हाती सहा-सात तास उरतात. जहाज कोणासाठी थांबत नाही. म्हणून सहलीचा आराखडा घड्याळच ठरविते. गेटवे, बोरीबंदर, मणिभवन, महालक्ष्मीचा धोबीघाट आणि थोडी खरेदी. घारापुरीची लेणी पाहायची तर लाँचने जाण्या-येण्यात अर्धा दिवस जातो.

ही स्थळे पाहण्याजोगी आहेत, यात वाद नाही. गेटवेची कोनशिला १९१३ साली बसली, काम १९२४ साली पुरे झाले आणि १९४८ च्या फेब्रुवारीत शेवटची ब्रिटिश पलटण त्याच कमानीतून बाहेर पडली. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. ही सहल बंदरात सुरू होते आणि बंदराकडेच पाठ फिरवून निघते.

बॅलार्ड इस्टेटची जमीन मुळात समुद्र होती. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, खोदताना निघालेल्या मातीने ती भरली गेली. थोडे उत्तरेला व्हिक्टोरिया डॉक. तेथे १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील दारूगोळ्याचा स्फोट झाला. त्या जहाजावरील सोन्याच्या विटांची गोष्ट सर्वांना ठाऊक असते; मेलेल्या शेकडो माणसांची आणि त्यांतल्या ६६ अग्निशामक जवानांची आठवण क्वचितच निघते. १९४६ च्या फेब्रुवारीत याच बंदरात नौसैनिकांनी उठाव केला, तेव्हा गिरणीकामगार संप करून त्यांच्या पाठीशी उभे राहिले. धोबीघाटावर पुलावरून छायाचित्र घेता येते. पण खाली कपडे आपटणाऱ्याला त्याचे काय मिळते, हे विचारायला बस थांबत नाही.

आता जहाजाकडे वळू. प्रवासी उतरले म्हणजे जहाज रिकामे झाले, असे नव्हे. खोल्या साफ व्हायच्या असतात, धान्य-भाजी चढायची असते, यंत्रे तपासायची असतात. या कामगारांत गोव्याची आणि कोकणातली मुलेही आहेत. त्यांच्यासाठी २००६ सालचा सागरी कामगार करार आहे. तो २०१३ पासून अमलात आला आणि भारताने २०१५ साली त्याला मान्यता दिली. विश्रांतीच्या मापाने मोजायचे तर चोवीस तासांत किमान १० आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. बंदरात किनाऱ्यावर जाण्याची मुभाही त्यात आहे. परंतु ‘कामाची गरज सांभाळून’. सारी मेख या तीन शब्दांत आहे. ज्याच्या कामाची गरज बंदरातच अधिक, त्याला आपले गाव समोर दिसत असूनही धक्क्यावर पाय ठेवता येईलच असे नाही. ही गरज कोणी ठरवायची, हा संघटनेचा प्रश्न आहे.

सुट्टी ही कोणालाच आपोआप मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी १८९० साली आली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगार संघटित करून मागितली म्हणून. आपण सहलीला जातो, ते अशाच मिळविलेल्या दिवसाच्या जोरावर.

तेव्हा सहलीला जरूर जा. मुंबईच्या धक्क्यावर उतरलात तर पहिला अर्धा तास बसमध्ये न चढता बॅलार्ड इस्टेटमधून हुतात्मा चौकापर्यंत पायी चाला. तेथे मशाल धरलेले कामगार-शेतकरी उभे आहेत, त्यांना पाहा. आणि रात्री जहाजावर जो तुम्हांला जेवण वाढील, त्याला एवढे विचारा: ‘बाबा, तुला आज उतरायला मिळाले का?’