तिची इच्छा नोंदवायला रकाना नव्हता

स्वातंत्र्यानंतर अवघ्या चार महिन्यांत भारत आणि पाकिस्तान यांचे एका गोष्टीवर एकमत झाले. काश्मीर असो, रोकड शिल्लक असो वा निर्वासितांची मालमत्ता, दोन्ही सरकारे प्रत्येक प्रश्नावर भांडत होती. मात्र फाळणीच्या हिंसाचारात पळवल्या गेलेल्या स्त्रियांना शोधून ‘आपापल्या’ देशात परत पाठवायचे, हे डिसेंबर १९४७ मध्ये लाहोरला ठरले. इतिहासाचा विद्यार्थी आणि पुढे प्रशासनात आयुष्य घालवलेला माणूस या दोन्ही नात्यांनी या कराराकडे मी वारंवार वळलो आहे. नव्या राष्ट्राने कुटुंबाची कोणती कल्पना उचलून धरली, हे त्यात स्पष्ट दिसते.

यातना खऱ्या होत्या, हे आधी सांगितले पाहिजे. सरकारी अंदाजानुसार भारतात सुमारे ५०,००० मुस्लीम स्त्रिया आणि पाकिस्तानात सुमारे ३३,००० हिंदू व शीख स्त्रिया पळवल्या गेल्या होत्या. पुढील काही वर्षांत दोन्हीकडून मिळून सुमारे ३०,००० स्त्रियांना परत आणण्यात आले. मृदुला साराभाई आणि त्यांच्या सहकारी कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून, जीव धोक्यात घालून हे काम केले. असंख्य स्त्रियांसाठी ती नरकातून सुटका होती. घरच्यांनी या मुलींना स्वीकारावे, असे आवाहन गांधीजी आणि पंडित नेहरू यांना जाहीरपणे करावे लागले, यावरून दाराच्या आत त्यांची कोणती वाट पाहिली जात होती याचीही कल्पना येते.

पण याच कामासाठी डिसेंबर १९४९ मध्ये संमत झालेला कायदा आज वाचला की मन अस्वस्थ होते. १ मार्च १९४७ पूर्वी जी मुस्लीम होती, त्या तारखेनंतर आणि १ जानेवारी १९४९ पूर्वी जी कुटुंबापासून दुरावली आणि जी बिगरमुस्लिमाच्या घरी आढळली, ती ‘अपहृत व्यक्ती’ ठरली. मुलग्यांसाठी सोळा वर्षांची मर्यादा होती. स्त्रीसाठी वयाची अट नव्हती. म्हणजे चाळीस वर्षांची स्त्रीही कायद्याच्या लेखी अज्ञान बालकासारखीच होती. या काळात तिला झालेले मूलही त्याच व्याख्येत बसवले गेले. तिला शिबिरात ठेवणे वैध आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयात उपस्थित करण्याचीही सोय ठेवली नव्हती. आपण स्वखुशीने इथे राहतो, असे एखादीने सांगितले तरी ते निर्णायक ठरत नसे.

त्या काळी हे कोणाच्या लक्षात आले नाही, असे नाही. सभागृहात ठाकूरदास भार्गव यांच्यासारख्या सदस्यांनी नागरिकाचा न्यायालयात जाण्याचा हक्क हिरावला जात असल्याकडे लक्ष वेधले. पुनर्वसनाच्या कामात असलेल्या रामेश्वरी नेहरू यांनी सक्तीने पाठवणीला विरोध केला. तरीही १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनेशी विसंगत नसल्याचा निर्णय दिला. तो १९५७ पर्यंत अमलात राहिला.

शासनाच्या नोंदींत जे उमटले नाही, ते साहित्याने नोंदवले. अमृता प्रीतम यांच्या ‘पिंजर’मधली पूरो पळवून नेणाऱ्याच्या तावडीतून निसटते आणि रातोरात आईवडिलांचे घर गाठते, पण तेच तिला परत पाठवतात. पुढे फाळणीच्या वेळी भाऊ तिला सोबत येण्यास सांगतो, तेव्हा ती नकार देते. वाचक त्या नकाराशी सहमत होवो वा न होवो, पूरोच्या आयुष्यातला तो पहिला निर्णय तिचा स्वतःचा असतो.

राजिंदरसिंग बेदी यांच्या ‘लाजवंती’ कथेतला सुंदरलाल अशा स्त्रियांना घरात घ्या म्हणून प्रभातफेऱ्या काढतो. स्वतःची पत्नी परतल्यावर तो तिला देवी मानू लागतो. पूर्वी मारहाण करणारा हा माणूस आता तिला फुलासारखे जपतो, पण तिच्यावर काय गुजरले ते सांगू मात्र देत नाही.

बंगालीत ज्योतिर्मयी देवी यांनी ‘एपार गंगा ओपार गंगा’ या कादंबरीत सुतारा उभी केली. नोआखालीच्या दंगलीत सर्वस्व गमावलेल्या या मुलीला मुस्लीम शेजारी आसरा देतात. पुढे कलकत्त्यातल्या नातेवाइकांच्या घरी मात्र ती विटाळलेली ठरते. वसतिगृहात राहून ती शिकते आणि दिल्लीच्या महाविद्यालयात इतिहास शिकवू लागते. तिचे स्वातंत्र्य तिच्या पगारातून येते. कुटुंबाने किंवा शासनाने ते तिला दिलेले नसते.

हा सगळा भूतकाळ झाला, असे म्हणता येईल का? माझ्या सेवाकाळात घर सोडून गेलेल्या सज्ञान मुलींची कितीतरी प्रकरणे समोर आली. अहवालाची अखेर बहुधा एकाच वाक्याने होई : ‘पालकांच्या ताब्यात देण्यात आले.’ ताबा हा शब्द आपण जमिनीसाठी आणि जप्त मालासाठी वापरतो.

२०१७ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने चोविशीतल्या हादियाचा विवाह रद्द ठरवून तिला वडिलांकडे सोपवले होते. सर्वोच्च न्यायालयाने तिला समोर बोलावून तिचे म्हणणे ऐकले आणि २०१८ मध्ये तिचा विवाह वैध ठरवला. हा निर्णय माझ्या मते १९५२ च्या निकालाला दिलेले उशिराचे उत्तर आहे. ते अजून सर्वत्र पोचलेले नाही. उत्तराखंडच्या समान नागरी संहितेनुसार विवाहाविना एकत्र राहणाऱ्यांनी नोंदणी करणे बंधनकारक आहे, आणि दोघांपैकी एक जण जरी एकवीस वर्षांखालचा असेल तरी निबंधकाने पालकांना कळवायचे आहे. मतदानासाठी अठरा वर्षे पुरतात, मग सोबती निवडण्यासाठी का पुरू नयेत?

कुटुंब हा संकटातला मोठा आधार असतो, याबद्दल मला शंका नाही. फाळणीत उद्ध्वस्त झालेले लाखो लोक नातेवाइकांच्या ओसरीवरच पुन्हा उभे राहिले. परंतु शासनाने त्या कुटुंबाचा कारकून होऊन स्त्रीला पोचती करण्याचे काम अंगावर घेऊ नये. सज्ञान स्त्रीविषयी कोणताही आदेश काढण्यापूर्वी तिचे म्हणणे नातेवाइकांच्या अनुपस्थितीत ऐकावे, लिहून घ्यावे आणि ते आदेशात पहिल्या परिच्छेदात यावे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. सही करणाऱ्या अधिकाऱ्याने एक प्रश्न विचारला तरी पुरेसे आहे.