42 किलोमीटर आणि छर्ऱ्यांचा चेंडू

वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी 1949 साली आनंदवन सुरू केलं. कुष्ठरुग्णांपासून सुरू झालेल्या या कामात पुढे अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळांचीही भर पडली. दिव्यांग माणसाला दया नको, काम हवं, हे आपल्या भागाला आनंदवनानं शिकवलं. खेळ मात्र त्याच्या वाट्याला अजून फार कमी येतो. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीतलं कोणी पहिली मॅरेथॉन दिव्यांगांच्या खेळासाठी धावणार असेल, तर त्याचं मनापासून स्वागत.

आधी पैशाचं. मुंबई मॅरेथॉन 2004 पासून जानेवारीत होते आणि तिच्याभोवती देणग्यांची मोठी व्यवस्था उभी राहिली आहे. धावणारा नोंदणीकृत संस्था निवडतो आणि ओळखीच्यांना आवाहन करतो; देणगी धावणाऱ्याच्या हातात येत नाही. हीच रीत इथेही पाळा, पैसे स्वतःच्या खात्यात घेऊच नका. करसवलत हवी असेल तर 2000 रुपयांवरची देणगी रोखीने चालत नाही, हेही सांगून ठेवा. आणि गावात शब्द टाकायचा तो धान विकून हातात पैसा आल्यावर. रोवणीच्या दिवसांत कोणाकडे काही नसतं.

आता हा पैसा कशात घालायचा? शर्यतीची व्हीलचेअर लगेच डोळ्यांपुढे येते. तीन चाकांची, पुढचं चाक लांब दांड्यावर, मागची दोन आत झुकलेली. ती खेळाडूच्या कमरेच्या मापाने बनवावी लागते. सैल झाली तर हातांचं बळ वाया जातं, घट्ट झाली तर कातडी सोलून जखमा होतात. मापाशिवाय घेतलेली खुर्ची कोपऱ्यात पडून राहते. माझ्या मते सुरुवात स्वस्त सामानानेच करावी. अंध क्रिकेटचा चेंडू प्लास्टिकचा असतो, आत छर्रे खुळखुळतात, गोलंदाज तो खालून सरपटी टाकतो आणि फलंदाज आवाजावर बॅट फिरवतो. बसून खेळायच्या व्हॉलीबॉलला पुरुषांसाठी 1.15 मीटर आणि महिलांसाठी 1.05 मीटर उंच जाळी आणि गुळगुळीत जमीन लागते. आपल्याकडे व्हॉलीबॉल गावोगाव खेळतात, तेव्हा शिकवणारेही मिळतील.

धावण्याचा सराव पावसाळ्यात सुरू केला तर जानेवारीपर्यंत पाचसहा महिने मिळतात. दर आठवड्याला एकच लांब धाव, ती हळूहळू 30 किलोमीटरपर्यंत न्यायची, पूर्ण 42.195 शर्यतीच्या दिवशीच. घाम फार गेल्यावर नुसतं पाणी ढोसल्यास रक्तातलं मीठ घटतं आणि ते जिवावर बेतू शकतं. ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवा. जंगलातल्या रस्त्यावर उजाडण्याआधी एकट्याने धावू नका. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारातही वाघ दिसतो, मूल-गडचिरोली रस्त्याचं तर सांगायलाच नको. त्यापेक्षा शहरातलं मैदान बरं, फेऱ्या कंटाळवाण्या झाल्या तरी.

सराव अंगवळणी पडला की पैशांइतकीच मोलाची आणखी एक मदत करता येते. पूर्ण अंध धावपटूला सोबती लागतो. दोघांच्या हातात एक वीतभर दोरी असते, पावलं जुळवून धावायचं असतं आणि शेवटची रेषा आधी अंध धावपटूने ओलांडायची असते. असे सोबती आपल्याकडे मिळत नाहीत.

तेव्हा शर्यतीत नाव नोंदवण्याआधी जवळच्या अंध किंवा दिव्यांग शाळेत जा, क्रीडाशिक्षकांना भेटा आणि मुलांना काय हवंय ते विचारा.